पट्टी कुठल्या धातूची

रविवार, मांद्रे

सकाळपासून पाऊस धरून आहे. कुठे जायची सोय नाही, म्हणून शेडीत बाबांच्या पद्मिनी गाडीच्या बाजूच्या, शोभेच्या चमकत्या पट्ट्या उतरवायला बसलो. गाडी 1978 ची. नंबर अजून 'जीडी'चा, म्हणजे गोवा, दमण, दीव एकत्र होते तेव्हाचा, 1987 साली गोवा राज्य झालं त्याच्या आधीचा. फियाट 1100 चंच हे रूप, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातलं. 'पद्मिनी' हे नाव 1974 पासूनचं. तो कारखाना काढणारे वालचंद मूळचे सोलापूरचे, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला असं सांगायचे की जणू शेजारी राहत होते.

मेस्त्रींनी फोनवर एकच बजावलं होतं : "सवकास रे बाबा, एका टोकाकडून ओढू नको." पट्टी पातळ असते, एकदा मुडपली की ती घडी काही केल्या जात नाही. म्हणून रंगावर मास्किंग टेप लावली, आईचा नॉनस्टिकचा कालथा पळवला, क्लिप कुठे आहे ते बोटाने चाचपून बरोबर तिथेच तो आत सरकवायचा आणि हलकेच पिळायचा. टक् असा आवाज आला की पुढची. चौदा क्लिपांपैकी पाच तुटल्या, माझ्या मते फार नाहीत. आईच्या मते कालथा गेला तेच फार.

पट्टीमागे काय निघालं! ओली लाल माती, मुंगळ्यांचं घर, मूठभर वाळू. गाडी कितीही धुतली तरी पाणी आत शिरून तिथेच बसतं, सगळ्यात शेवटी वाळतं, आणि समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे खारं ते आलंच. क्लिपांच्या भोकांभोवती पत्रा कुरतडल्यासारखा झालाय. एका भोकात तर रुपया बसेल. वरून गाडी चकचकीत दिसत होती, हे विशेष.

सोमवार

डिकीवरचा मोनोग्राम निघेना. खरं तर तो पिनांवर बसतो, आतून नट काढले की हातात. पण मागच्या पेंटरने पिना मोडून गोंदाने चिकटवलाय. शेवटी गळाची तंगूस घेतली, केस वाळवायच्या मशीनने गोंद गरम केला आणि करवतीसारखी तंगूस मागून फिरवली. दहा मिनिटांत सुटला, रंगाला ओरखडा नाही. आजचा दिवस माझा.

शुक्रवार

आजचा दिवस मात्र माझा नाही.

म्हापशाच्या बाजारातून कॉस्टिक सोडा आणला. पट्ट्यांवर जुना रंग आणि डांबर इतकं चढलं होतं की वाटलं, रात्रभर बुडवून ठेवू, सकाळी घासू. पट्टी स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची हा प्रश्न पडला होता, नाही असं नाही. लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. चांगलं स्टेनलेस असलं तर चिकटत नाही, एवढं ठाऊक होतं, म्हणून खूश झालो. अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे मात्र त्या क्षणी डोक्यात आलं नाही. हातात तोलून पाहिलं असतं तरी कळलं असतं. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं.

पट्टी टाकल्याबरोबर टबात सोडावॉटरसारखे बुडबुडे. मला वाटलं, घाण निघतेय. घाण कसली, पट्टीच विरघळत होती. अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम टिकावं म्हणून त्याच्यावर मुद्दाम आणलेल्या ऑक्साइडचा, जो कडक थर असतो तो कॉस्टिक आधी खातं, मग खालच्या धातूवर उठतं, आणि वर येतो तो हायड्रोजन. तो थर विटला की काढायला कॉस्टिक वापरतातच, पण डोळ्यांसमोर आणि थोडा वेळ. मी कॉफी करायला गेलो. त्यात आईने हाक मारली, मग शेजारचा बोलायला थांबला. परत येऊन पाहतो तर पट्टी काळी ठिक्कर, कडा चावल्यासारख्या.

मेस्त्री संध्याकाळी आले, पट्टी उचलून दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवार

वाचलेल्या डाव्या पट्टीवर तीन दिवस गेले. आधी मागून लाकडी ठोकळ्याने चेपे बाहेर काढले. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर (पॉलिश पेपरच, नंबर जितका मोठा तितका बारीक) : 400, 600, 800, 1200, शेवटी 2000. नवा नंबर घेताना घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. 600 वर घाई केली, ती 2000 वर दिसली, परत मागे. मग बफिंग, त्यावर मेण. अ‍ॅनोडायझिंग गेलेलं, त्यामुळे या हवेत दर महिन्याला मेण लावावं लागणार.

बंपर बेळगावला क्रोमला पाठवलेत. क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. गंज अडवण्याचं खरं काम खालचं निकेल करतं. म्हणून निकेलचं काम नीट करा, एवढं चारदा सांगून ठेवलंय.

रविवार

भोकं घासून प्रायमर मारला, रुपयाएवढ्या भोकाला मेस्त्रींनी पत्र्याचा तुकडा जोडला. डावी पट्टी बसली, तळहाताच्या एकेका दाबाने. उजव्या बाजूच्या भोकांना तूर्त रबरी बुचं. जुन्या पट्ट्यांसाठी दोन ठिकाणी सांगून ठेवलंय, पाहू.

आई छत्री धरून शेडीत आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "चवथीला माणसं येतील, तोपर्यंत कुठली बाजू दाराकडे करायची ते ठरव."