असईच्या तोफा पुन्हा टेबलावर

माळ्यावरचा बुटांचा खोका शेवटी खाली काढला. नऊ वर्षांनी. आत टेबलावर लढाया खेळायची १५ मिमीची शंभरेक धातूची माणसं. निम्मी कोरी, निम्मी मी तिशीत रंगवलेली. रंगाचे जाड थर, शिवाय प्रत्येकाला डोळे काढायचा तेव्हाचा हट्ट! सगळी पलटण तिरळी दिसते. ड्रॉपरच्या बाटल्यांतले रंग बरेचसे वाचलेत, डब्यांतल्यांचे खडे झालेत.

बेत जुनाच: असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं रण डायनिंग टेबलावर मावतं. शिंद्यांकडे पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखालचे कवायती कंपू (शिस्तीत लढणाऱ्या पलटणी) आणि भरपूर तोफा, समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. (पानिपत करा म्हणणाऱ्यांनी आधी तेवढे घोडे रंगवून दाखवावेत.)

जुना रंग काढायला माणसं तपकिरी जंतुनाशकात रात्रभर बुडवली. सकाळी टूथब्रश फिरवला की रंग सालीसारखा सुटतो. पण पाणी लागू द्यायचं नाही, हे साफ विसरलो. नळाखाली धरली आणि सगळ्याचा चिकट लगदा झाला. आधी त्याच जंतुनाशकात खळबळायचं, पुसायचं, मग साबण. घरभर दवाखान्याचा वास सुटला, आई दोनदा विचारून गेली, "कुणाला लागलं का रे?"

दुसरी चूक पावसाची. जुलैत गॅलरीत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला, हवेतल्या दमटपणाने काळ्यावर पांढुरकी भुकटी धरली. वीस माणसं पुन्हा अंघोळीला. आता दिवाळीपर्यंत प्रायमर ब्रशनेच.

आणि हो, चाळिशी लागलीय. जवळचा चष्मा आणि टेबललॅम्प असल्याशिवाय बटण सोडा, हातसुद्धा दिसत नाही. त्यामुळे डोळे काढणं बंद. चेहऱ्यावर तपकिरी वॉश (अगदी पातळ रंग), नाक-गालाला फिकट रंगाचा एकेक ठिपका, बस्स. हातभर अंतरावरून हेच जास्त खरं वाटतं.

या महिन्यात तोफा डागणारे बारा गोलंदाज पुरे केले. (लेकीला वाटलं बुमराहची टीम.) त्यांतले सहा आडवे पडलेले, बेसवर (खालच्या पट्टीवर) झोपवण्यासाठी पक्कडीने पाय वाकवले, एकाचा तुटला. हा खटाटोप एका नियमासाठी. असईला इंग्रज पलटणी तोफांवरून पुढे गेल्या, तेव्हा मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांच्या पाठीत मारा करू लागले. वेलस्लीला मागे येऊन त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. मी खेळलेल्या नियमांत तोफ हातची गेली की गोलंदाज सरळ उचलून खोक्यात टाकतात. तिथेच असई संपते.

माझ्याकडे प्रत्येक तोफेला दोन बेस: उभा आणि आडवा. तोफ शत्रूच्या हाती पडली की आडवा ठेवायचा. शत्रू सहा इंच पुढे गेला की फासा टाकायचा. ५ किंवा ६ आलं की माणसं उठली. रविवारी एकट्यानेच दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं. चारपैकी दोन तोफा उठल्या आणि माझीच इंग्रजांकडची ७८ वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण अर्ध्यातून माघारी वळवावी लागली. जरा जास्तच होतंय. पुढच्या डावात फक्त ६ ला उठवून बघतो.

इंग्रजांचीच ७४ वी पलटण अजून कोरीच आहे. कॉलर-बाह्यांना पांढरा रंग द्यायचाय, आणि तो डबा नेमका खडा झालाय.