मेळघाटात रानपिंगळा बघायचा असेल तर

घुबड म्हणजे रात्रीचा पक्षी, हे रानपिंगळ्याच्या बाबतीत मनातून काढून टाका. हा दिवसाउजेडी वावरतो. थंडीत तर सकाळचं कोवळं ऊन खात सागाच्या उघड्या फांदीवर खुशाल बसून राहतो. आम्हाला दिसला तेव्हा आठ वाजून गेले होते आणि ऊन थेट त्याच्या छातीवर पडलं होतं.

मुक्काम सेमाडोहला होता. पहाटे कडाक्याची थंडी, सिपना नदीवर धुकं. सोबतच्या कोरकू गाइडदादांनी पिंगळा शोधलाच नाही, कोतवाल पक्ष्यांच्या आवाजाकडे कान लावला. दोन कोतवाल एका सागाभोवती कर्कश ओरडत घिरट्या घालत होते. लहान पक्षी असा कालवा करतात तेव्हा जवळपास कुणीतरी शिकारी असतो. दुर्बीण लावली आणि तो दिसला. जेमतेम साळुंकीएवढा, पिवळे डोळे रोखलेले, शेपटी या बाजूला-त्या बाजूला झटकत होता.

ओळख मात्र नीट पटवून घ्या, कारण त्याच जंगलात आणखी दोन पिंगळे आहेत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. जंगली पिंगळ्याचं डोकं आणि पाठ बारीक आडव्या पट्ट्यांनी भरलेली असते. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, राखाडी-तपकिरी. छातीवर तपकिरी रंग, पोट मधोमध स्वच्छ पांढरं, पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे. पाय पाहिलेत की शंका उरत नाही. एवढ्याशा पक्ष्याला इतके जाडजूड, पांढऱ्या पिसांनी मढलेले पाय!

हा पक्षी दिसणं किती मोलाचं आहे, ते त्याच्या इतिहासावरून कळतं. १८७३ साली पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो खात्रीने कुणालाच सापडला नाही. मधल्या काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक माइनर्टझहागन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याचा दावा केला होता, पण त्यांनी दाखवलेला नमुना, म्हणजे मेलेल्या पक्ष्याची भरून ठेवलेली कातडी, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला निघाला. ही लबाडी अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली. मग मूळ नमुने जिथले होते तिथेच शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! खोटी नोंद शास्त्राचं किती नुकसान करते, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. सागाची पानं गळू लागतात आणि पक्षी लपत नाही. बडनेरा किंवा अमरावतीहून परतवाडा, तिथून घाटरस्त्याने सेमाडोह. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यालाच घ्या, पुढे मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. वनखात्याच्या निवासाचं आणि सफारीचं बुकिंग आधीच करा. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. पहाटे स्वेटर-कानटोपी लागतेच, दुपारी मात्र घाम फुटतो. स्थानिक गाइड हवाच. झाडं, ढोल्या, पक्ष्यांच्या सवयी त्यांना ठाऊक असतात, आणि मेहनतीचे पैसे गावात राहतात.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. याचा विणीचा हंगाम थंडीतच असतो. खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावताना ढोलीतली अंडी-पिल्लं उघडी पडतात. ढोली दिसली तर तिथे थांबू नका आणि तिचा ठावठिकाणा कुणाला पाठवू नका, फोटोसोबतही नाही.

मुंबई-ठाण्याच्या मंडळींना तानसा अभयारण्य जवळचं आहे, तिथेही २०१४ साली रानपिंगळ्याची नोंद झाली. तरी पहिल्यांदा बघायचा तर मेळघाटच गाठा आणि किमान दोन सकाळी हाताशी ठेवा.