चाळकेवाडीचा न घाबरणारा सरडा

मे महिन्यात ठोसेघरला जाणं म्हणजे वेडेपणाच, धबधब्याच्या जागी नुसता कोरडा कडा. पण मला गळ्याखाली पंखा उघडणारा सरडा बघायचा होता आणि तो याच दिवसात रंगात येतो. पुणे ते सातारा काही सांगण्यासारखं नाही, कंदी पेढे घेतले आणि बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. गाडी आमची इलेक्ट्रिक, त्यामुळे नवरा घाटभर एसी लावू देईना, चार्ज उतरतो म्हणे. पर्यावरणासाठी घामाघूम!

ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्याच पवनचक्क्या. लांबून झकास दिसतात, खाली उभं राहिलं की ते घूं घूं डोक्यात जातं.

सरडा मात्र पाच मिनिटांत सापडला. जांभ्याच्या दगडावर बसलेला नर, दोनदा जोर काढल्यासारखा वर-खाली झाला आणि गळ्याखालचा पंखा उघडला, निळा, काळा, शेंदरी. २०१६ मध्ये ही वेगळी जात म्हणून नोंदली गेली, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, म्हणजे आपला मराठी सरडाच थेट! मी मोबाइल धरून सरकत सरकत हातभर अंतरावर गेले तरी पठ्ठ्या ढिम्म. म्हटलं किती गोड, माणसाळलाय.

सोबतचा साताऱ्याचा मित्र पक्षीवेडा, तो म्हणाला, "माणसाळला नाही गं, निर्धास्त झालाय. वर बघ."

वर काय, रिकामं आभाळ.

"तेच ना. एक तिसा नाही, कापशी नाही, एकही शिकारी पक्षी नाही."

मग कळलं की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेवाल्यांनी (आयआयएससी) याच पठारावर अभ्यास केलाय, २०१८ मध्ये छापून आलाय. पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी बाकी पठाराच्या मानाने जवळजवळ चौपट कमी. खाणारंच कोणी नाही म्हणून सरडे वाढले, भीती गेली. मी म्हटलं बरंच झालं की मग त्यांचं. तर म्हणे गर्दी झाल्यावर अंगाने बारीक झालेत आणि नरांचे रंगही फिके पडलेत. मला तर तो रंग भारीच वाटला होता, पण मी दुसरा बघितलाय कुठे?

कोळशाच्या धुरापेक्षा वारा कधीही बरा, त्यावर माझं भांडण नाही. पण शाळेच्या पुस्तकापासून होर्डिंगपर्यंत सगळीकडे पवनचक्कीच्या मागे दोन पक्षी उडताना काढलेले असतात, त्याचा आता राग येतो.

परतताना पवनचक्क्या संपल्यावर तारेवर एक कापशी दिसली. गाडी थांबेपर्यंत उडालीसुद्धा.

सरड्याचं रील मी आधीच टाकलं होतं. खाली कमेंट, "सो फ्रेंडली!"