फोटो काढायला पूर्वेला चला

पुण्यात नवीन कॅमेरा घेतलेला माणूस पहिल्या पावसात पश्चिमेला पळणार हे ठरलेलंच असतं. ताम्हिणी, मुळशी, लोणावळा, फार तर माळशेज. शनिवारी पहाटे निघायचं म्हणत सातला निघायचं, चांदणी चौकातच अर्धा जीव द्यायचा, घाटात पोचेपर्यंत धुकं इतकं उतरलेलं की समोरच्या गाडीचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही, लेन्सवर थेंब, रुमाल ओला, आणि धबधबा दिसलाच तर त्याखाली कुणीतरी शर्ट काढून स्पीकर लावून नाचत असतो. सह्याद्री सुंदर आहे, वादच नाही, कोकणकड्यावर उभं राहिलं की आपलीच बोलती बंद होते. पण ‘पुण्याजवळ निसर्गाचे फोटो कुठे काढू’ असं कुणी विचारलं की मी आजकाल सरळ हडपसरकडे, म्हणजे पूर्वेला बोट दाखवतो. लोक हसतात. हसू देत.

गंमत अशी की ताम्हिणीला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस पुण्यात येईस्तोवर 700च्या आसपास उरतो आणि पुढे सुपे-इंदापूरकडे तर 500च्या खालीवरच. म्हणजे दीडेकशे किलोमीटरच्या पट्ट्यात जंगल, शहर आणि माळरान असा सगळा प्रवास होतो, आणि त्यातलं माळरान बघायला कुणी जातच नाही. सोलापूर रोडने जाताना खिडकीतून पिवळं काहीतरी पसरलेलं दिसतं, लोक म्हणतात काय रखरखीत आहे आणि मोबाईलमध्ये डोकं घालतात. सरकारदप्तरीही असल्या बऱ्याच जमिनी पडीकच.

मला विचाराल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा मोसम. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, म्हणजे पुण्यातून पाचच्या आत निघालं तर चौफुल्याला वळून सुप्याच्या माळावर उजाडायच्या आत पोचता येतं. थंडी चांगलीच असते, टोपी लागते. आणि मग ऊन गवताच्या मागून येतं. इथे सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा नसतो, सूर्याकडे तोंड करून, जवळजवळ झोपूनच काढायचा. एरवी जे गवत वाळकं, निर्जीव वाटेल त्याच्या प्रत्येक तुऱ्याला सकाळी साडेसातला उजेडाची कड येते, मधल्या जाळ्यांवर दव असतं, मागे धुळीचा हलका पडदा, आणि साडेआठ-नऊला हे सगळं गायब. नंतर फक्त पिवळं.

या माळावरचं कुसळी गवत एकदा जवळून बघाच, बघायला लागतंच कारण ते स्वतःहून पायमोज्यात येतं. प्रत्येक बीला टोकदार तोंड आणि मागे लांब काळसर शेपटी. ती शेपटी कोरडी असताना पिळलेली असते, दव पडलं की पीळ सुटतो, ऊन आलं की पुन्हा पडतो, आणि या पिळापिळीत ते बी जमिनीत भोक पाडत आत शिरतं. तळहातावर एक कुसळ ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला की ते हळूहळू स्वतःभोवती गोल फिरायला लागतं. मॅक्रो लेन्सवाल्यांनी यासाठी कासला जायची गरज नाही, इथे एका फुटात सकाळ संपते. पायमोज्यात शिरलेलं कुसळ मात्र चालेल तसं पुढेच सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे जुने मोजे घालून या.

सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, मोरगावच्या गणपतीला जाताना लोक त्याच्या शेजारून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. तिथे चिंकारा हमखास दिसतं. गाडीची त्यांना सवय आहे, आपण खाली उतरलो की मात्र मान वर होते आणि दोन उड्यांत संपलं. म्हणून इंजिन बंद करून काच खाली करून नुसतं बसायचं. इंदापूरकडे कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळ इथे तर वनखात्याने आता गवताळ सफारी सुरू केलीय. लांडगा दिसेल का ते तुमच्या नशिबावर, पण भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थंडीत लांबून येतात आणि संध्याकाळी गवताला जवळजवळ घासून उडतात, ते दिसले तरी माझा दिवस वसूल.

माळावर लँडस्केप काढणं अवघड आहे हे मान्य. डोंगर नाही, झाड एखादंच, सगळं सपाट. घाटात डोंगरच अर्धं काम करतो, इथे तुम्हालाच ठरवावं लागतं की आभाळ किती ठेवायचं आणि जमीन किती. माझ्यापुरता तोडगा म्हणजे धनगरांची वाट बघणं. संध्याकाळी मेंढरं वाड्याकडे, म्हणजे मुक्कामाच्या जागी परततात तेव्हा सूर्य आडवा आलेला असतो, खुरांची धूळ उडते आणि त्या धुळीतून एक लाल पागोटं पुढे येतं. फोटो काढायच्या आधी विचारायचं, ही साधी गोष्ट लोक विसरतात. एका आजोबांना विचारलं, “मामा, फोटो काढू का मेंढरांचा?” तर ते म्हणाले, “काढा की. पर हितं काय हाय फोटू काडन्यासारखं? तिकडं महाबळेश्वरला जायाचं.” मग मीच दाखवले, तर स्क्रीन लांब धरून बघितलं आणि म्हणाले, “ह्ये आमचंच रान व्हय?” आणि लगेच, “त्यो लंगडा बोकड कुटं दिसंना.” फ्रेमच्या बाहेर राहिला होता. तो आणून उभा करेपर्यंत ऊन गेलं, पण त्यांच्या समाधानासाठी काढला तो फोटो.

वाटेत कवडीपाट लागतं, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. थंडीत चक्रवाक, शेकाट्या, बगळे, भरपूर. शिवाय आख्ख्या पुण्याचं सांडपाणी, पांढरा फेस आणि जलपर्णी. फोटोत फक्त सोनेरी चक्रवाक येतो, वास येत नाही. एकदा कुणीतरी तो फेससुद्धा फ्रेममध्ये ठेवून काढायला हवा, सगळेच तो कापून टाकतात.

आणि भिगवण. सोलापूर रोडवरच, साधारण 100 किलोमीटर, उजनीचं बॅकवॉटर. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायला आता बरीच गर्दी होते, कुंभारगावला नाववाले पहाटेच तयार असतात. पाणी ओसरून उथळ झालं की रोहित जवळ येतात, म्हणून डिसेंबरची घाई करण्यापेक्षा जानेवारीनंतर गेलेलं बरं. एक सवय मात्र डोक्यात जाते, उडतानाचा फोटो हवा म्हणून नाव थेट थव्यावर घालायला सांगणारे लोक. पक्षी उडतात, गुलाबी पंख दिसतात, सगळे खूश, आणि ते बिचारे खाणं टाकून दुसऱ्या टोकाला. नाववाल्या दादांना आधीच सांगायचं की लांबूनच मोटर बंद करा आणि बांबूने रेटा, ते आनंदाने ऐकतात, डिझेलही वाचतं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं तर पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं, ते बघायला वेगळी चक्कर मारावी. दुपारी तिथेच कुणाच्या तरी घरी चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी मिळते, भूक लागलेली असते म्हणून असेल, पण ती चव मला घाटातल्या कुठल्याच कणसाला आली नाही.

लोकेशन विचाराल तर वरची सगळी नावं खुशाल घ्या. फक्त घरट्याचा पिन मागू नका. चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, गवतात पाय कुठे पडतोय ते कळत नाही, आणि एकाला सांगितलं की रविवारी तिथे चार गाड्या उभ्या असतात. मयुरेश्वरला गेटवर पाचशेची नोट पुढे केली की सुट्ट्यांची बोंब होते, तेवढे सुट्टे जवळ ठेवा.