सात जिवांचा अंडरटेकर

वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेला मुलगा पाना हातात धरून टीव्हीसमोरच थबकला. दुपारची वेळ, घरात मी एकटी, आणि पडद्यावर अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकर नावाच्या पैलवानाने कुणाला तरी गळ्याला धरून उचललेलं.

"मॅडम, हे सगळं खोटं असतं ना?"

म्हटलं, "हो."

तो जरा हिरमुसला. मग हळूच म्हणाला, "पण ह्याला सात जीव होते, ते?"

पोरगा जेमतेम पंचविशीचा. म्हणजे ही बातमी आमच्यानंतरही शाळाशाळांतून फिरतच राहिली म्हणायची!

मला कुस्ती, म्हणजे ही अमेरिकेतली, टीव्हीवरची डब्लूडब्लूएफ कंपनीची, आणि भुताचे सिनेमे हे दोन्ही लहानपणापासून लागतं. आईला वाटायचं, लग्न झालं की सुटेल. सुटलं नाही, उलट नवराही बघायला लागला. क्रिकेट बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आम्हाला मात्र दर वेळी तेच, "अगं, खोटं असतं ते." जसं काही आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीच्या मालकांनी तर १९८९ सालीच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केलं होतं की हे मनोरंजन आहे. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आली, कर आला. त्यानंतर चार-पाच वर्षं उलटली तरी सांगलीत आम्ही ह्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होतो. पैलवानांच्या ट्रम्प कार्डांत अगडबंब योकोझुनाचं पान हाती आलं की डोळे मिटून 'वजन' म्हणायचं आणि समोरच्याचं पान ओढायचं, एवढं गणित पक्कं.

आजोबा कोल्हापूरचे. खासबागेत मातीजवळ बसून कुस्त्या पाहिलेले. केबल आली तेव्हा आमच्याबरोबर तेही बसायचे, आणि त्यांचा आक्षेप भलताच होता. ठरवून केलेल्या कुस्त्या त्यांना नवीन नव्हत्या, नुरा कुस्ती तिकडेही माहीत होतीच. त्यांचा राग पंचावर. "अरे, पाठ लागली! संपली की कुस्ती! हा जमिनीवर हात आपटून आकडे कसले मोजतोय?" तीनच्या आत पडलेला उठला की आम्ही नाचायचो आणि आजोबा कपाळाला हात लावायचे. पण उठून मात्र कधी गेले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचंच सुरू व्हायचं, "पट काढ त्याचा, पट काढ! एवढा धिप्पाड गडी, उभा काय राहिलाय?"

जानेवारी १९९४ मध्ये अंडरटेकरला आठ-दहा जणांनी मिळून शवपेटीत कोंबलं. पेटीतून धूर आला. आमच्याकडे ते बघायला मिळालं बऱ्याच उशिरा, पण सुतक पाळलं ते ताजंच. मग ऑगस्टमध्ये अंडरटेकर आले ते दोन! एक खरा, एक तोतया, आणि दोघांची झुंज. त्या तोतयाचं नाव ब्रायन ली. आता गंमत बघा. १९९६ मध्ये 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटला. अख्ख्या वर्गाने वर्षभर छाती फुगवली. तो अंडरटेकर म्हणजे हाच ब्रायन ली. खोट्या कुस्तीतला खोटा अंडरटेकर, खोट्या सिनेमात खरा म्हणून आलेला. इतकं खोटं एकावर एक रचलं की मला ते आदरणीय वाटायला लागतं.

आणि खरं नेमकं भलतीकडून डोकावतं. अंडरटेकरच्या मागे अस्थिकलश घेऊन चालणारा, चिरक्या आवाजाचा, पांढराफटक पॉल बेअरर आठवतो? सगळ्यांत नाटकी पात्र ते. त्या माणसाकडे प्रत्यक्षात अंत्यविधीच्या व्यवसायाचा परवाना होता; मृतदेहांना लेप देण्याचं काम त्याने खरोखर केलेलं. उलट रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' या भुताच्या सिनेमातला सामरी, ज्याच्यामुळे माझ्या एका मावशीने रात्री मोरीत एकटं जाणं सोडलं होतं, त्याचं सोंग घेणारा नट रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर.

रामसे बंधूंच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: त्यांचे सिनेमे वाईट आहेत आणि मला ते सोडवत नाहीत. १९७२ मध्ये भुताच्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या वेळी सगळं खानदान महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि शूटिंग करून आलं. आपण तिथे स्ट्रॉबेरी खायला जातो. पुढे झी हॉरर शो सुरू झाला. तो मी गोधडीच्या उसवलेल्या टाक्यातून बघायचे. पूर्ण तोंडावर घेतली की दिसत नाही, काढली की बघवत नाही. त्या भोकातून भूत बेताचं दिसायचं.

हल्लीची संगणकातली भुतं मला बाधत नाहीत. कितीही दात दाखवा. मला त्या रंगाखाली घामेजलेला माणूस लागतो, ज्याची मान खाजतेय पण शॉट संपेपर्यंत हलता येत नाही. कुस्तीतही तेच. निकाल ठरलेला असेल, पडणं कसं ठरवणार? जून १९९८ मध्ये अंडरटेकरने मॅनकाइंड नावाच्या पैलवानाला कुस्तीच्या पिंजऱ्याच्या टपावरून खाली टेबलावर फेकला. सोळा फुटी पिंजरा. तो स्ट्रेचरवरून उठून परत वर चढला आणि मग टप फाटून आत कोसळला. नंतर कॅमेरा जवळ गेला तर तुटलेला दात नाकपुडीशी अडकलेला. ते बघून घरात कुणी "खोटं असतं" म्हणालं नाही. आजोबा नुसतं "च्च" म्हणाले आणि पाणी मागितलं.

त्याच्या पुढच्याच मे महिन्यात कॅन्सस सिटीत पैलवान ओवेन हार्ट छतावरून दोरीने रिंगणात उतरणार होता. विनोदी सुपरहिरोचं सोंग, मुखवटा, केप. वरचा हूक सुटला. टीव्हीवर त्या वेळी आधी चित्रित केलेलं काहीतरी चालू होतं, त्यामुळे घरी बसलेल्यांना पडताना दिसला नाही. समालोचक जिम रॉस पुन्हा पुन्हा सांगत होता की हा कार्यक्रमाचा भाग नाही, हे खरं आहे. हे असं सांगावं लागतं, कारण एरवी कोण विश्वास ठेवणार? ओवेन गेला. ३४ वर्षांचा होता. घरच्या प्रेक्षकांना तसं सांगण्यात आलं. स्टेडियममध्ये बसलेल्यांना मात्र कुणी काही सांगितलं नाही, आणि पुढच्या कुस्त्या लागल्या.