न उलटलेली सोंगटी

'फुरुहाता निन्झाबुरो' ही जपानी गुन्हेतपासाची टीव्ही मालिका बघायला बसताना खुनी कोण हा प्रश्न डोक्यातून काढून टाकायचा. तो सुरुवातीलाच सुटलेला असतो. एखादा नावाजलेला पाहुणा कलाकार येतो, आपल्या डोळ्यांदेखत खून करतो, मागचं सगळं आवरतो. मग काळ्या सुटातला, टाय न लावणारा, बोलायला कमालीचा नम्र पोलीस अधिकारी दारात उभा राहतो. तो कुठे बोट ठेवणार, एवढंच आपण शोधायचं.

फुजी टीव्हीवर याची तीन पर्वं झाली, १९९४, १९९६ आणि १९९९ साली. जानेवारी २००६ मध्ये सलग तीन रात्री तीन भाग दाखवून मालिका संपली. फुरुहाता झालेत मासाकाझु तामुरा, लेखक कोकी मितानी. सांगाडा उघडउघड 'कोलंबो'चा आहे, म्हणजे खुनी आधीच दाखवणाऱ्या त्या अमेरिकी गुप्तहेर मालिकेचा. पण मितानी मूळचे नाटकवाले, आणि ते जागोजाग दिसतं. जागा मोजक्या, पाठलाग जवळजवळ नाहीच, एका खोलीत दोन माणसं बोलत बसलेली. मधे फुरुहाताकडून कपाळावर टपली खाणारा त्याचा हाताखालचा पोलीस इमाइझुमी.

शेवटाआधी एक क्षण येतो. आजूबाजूचा उजेड मावळतो, फुरुहातावर तेवढा प्रकाश राहतो आणि तो थेट आपल्याकडे वळून बोलायला लागतो. थोडक्यात, जे मला दिसलं ते तुम्हालाही दिसलंय, आता सांगा. हे आव्हान तो पाळतो का, यावर भागाची किंमत ठरते. धागा पडद्यावर खरंच दिसला असेल तर भाग जमला. नुसता संवादात उल्लेख करून पुढे सरकले असतील तर ती पळवाट.

पाळलेल्या आव्हानाचा उत्तम नमुना पहिल्या पर्वातला शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा भाग. (शेवट फोडतोय; ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

खुनी हा व्यावसायिक शोगीपटू, भूमिकेत काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीचे नट बांदो यासोसुके. मोठी लढत दोन दिवस चालते तेव्हा पहिल्या दिवशी डाव थांबताना ज्याची पाळी असेल तो आपली पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करतो, म्हणजे रात्रभर विचार करायचा फायदा त्याला मिळत नाही. लबाडी याच लिफाफ्याची, खूनही त्यावरूनच. पण तो पकडला जातो पटावर. शोगीत प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या तीन रांगांत शिरलेली सोंगटी उलटून बढती देता येते. 'हिशा' ही आपल्या हत्तीसारखी चालणारी सोंगटी उलटली की तिची जुनी चाल तशीच राहते, वर तिरकं एक घर जाण्याची मुभा मिळते. म्हणजे तोटा शून्य. तरीही हा कसलेला खेळाडू ती उलटत नाही. कारण पालथ्या बाजूला रक्ताचा डाग आहे. त्याने केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ही न केलेली गोष्ट त्याला बुडवते, आणि ती सगळ्यांसमोर, भर उजेडात घडते. अडचण इतकीच की शोगी ठाऊक नसेल तर आपल्याला त्यात काही वावगं दिसतच नाही. तेव्हा भाग लावण्याआधी बढतीचा नियम पाच मिनिटं वाचून घ्यावा.

सगळेच भाग इतके घट्ट नाहीत. पुरावा हाती नसला की फुरुहाता सापळा लावतो. खुन्यालाच ठाऊक असणारी गोष्ट त्याच्या तोंडून वदवून घेतो किंवा त्याला नको तिथे जायला लावतो. एकदोनदा मजा येते. वारंवार झालं की आधीची सगळी निरीक्षणं शोभेची वाटू लागतात, शिवाय निष्णात वकिलासमोर यातलं किती टिकेल, हा प्रश्न उरतोच. तिसऱ्या पर्वात साइओन्जी हा हुशार सहायक आला. तो माहिती झटपट आणून देतो, त्यामुळे तपास वेगाने पळतो. पण फुरुहाताने बारीकसारीक सबबी काढून खुन्याकडे परत परत जाण्यातली गंमत पातळ होते. माझ्या मते पहिली दोन पर्वंच खरी. २००६ मध्ये बेसबॉलपटू इचिरो स्वतःच्याच नावाने खुनी म्हणून येतो, ते कुतूहल म्हणून जरूर बघावं.

प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने क्रमाचं बंधन नाही. दुसऱ्या पर्वाच्या सलामीआधी मात्र पहिल्या पर्वातले चारपाच भाग झालेले असावेत. सलामीच्या त्या भागात आरोपीच्या पिंजऱ्यात खुद्द इमाइझुमी आहे आणि त्याचं वकीलपत्र घेतलंय खऱ्या खुन्याने. इमाइझुमीची सवय झालेली नसेल तर अर्धी गंमत जाते.

सबटायटल वाचताना नजर पडद्याच्या तळाशी अडकते आणि नेमकी टेबलावरची वस्तू निसटते. म्हणून खुनाचा प्रसंग दोनदा बघावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त हातांकडे लक्ष ठेवून. आणि उजेड मावळला की थांबवायचं बटण दाबायचं.