सही फक्त तिचीच

आज, २९ सप्टेंबर २०२२ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि दिवसभर दुसरं काही सुचलंच नाही. २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या नियमातून अविवाहित बाईला वगळता येणार नाही! जोडीदाराने लग्नाला नकार दिलेली याचिकाकर्ती मुलगी दिल्ली उच्च न्यायालयात हरली, तरी मागे हटली नाही. नवऱ्याची जबरदस्तीही न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १९७१च्या गर्भपात कायद्यापुरती बलात्कारच मानली. वाचताना अंगावर काटा आला.

माझ्या मैत्रिणीचा गर्भपाताचा फॉर्म एका दवाखान्यात काउंटरवरूनच परत सरकवला होता, "नवऱ्याची सही आणा." अहो, १९७१च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते! डॉक्टरांनी असल्या जादा अटी घालू नयेत, हेही कोर्टाने आज स्पष्ट लिहिलंय. तो परिच्छेद तिला लगेच पाठवला.